चिखल्या फक्त पायांनाच होत नाहीत

भातलावणीच्या दिवसांत कोकणात बायांच्या पायांना चिखल्या होतात. दिवसभर पाय पाण्यात, बोटांच्या बेचक्यांना कोरडं व्हायला सवडच नाही. तिथली कातडी पांढरी पडते, फुगते, चिरते आणि रात्री अंथरुणावर पडलं की आग आग होते. चिखल्या झालेल्या बाईला कुणी अस्वच्छ म्हणत नाही. ती ओसरीवर पाय पसरून बसते आणि चारचौघींसमोर औषध लावते.

तीच गोष्ट छातीखालच्या घडीत झाली, की तोंडाला कुलूप लागतं.

माझ्या मावशीच्या तोंडाला ते कुलूप सहा वर्षं होतं. एका श्रावणात ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत मला मलमाची एक ट्यूब दिसली. टूथपेस्ट संपत आली की आपण ट्यूब शेपटीकडून गुंडाळत आणतो, तशी पार गळ्यापर्यंत गुंडाळलेली. "नायट्याचं आहे गं," म्हणत तिने ती पटकन काढून घेतली. दोन दिवसांनी ती ब्लाउज बदलत असताना मी चुकून खोलीत गेले आणि मला दिसलं. दोन्ही बाजूंना छातीखाली चार बोटं रुंदीचा काळपट-जांभळा पट्टा, मधोमध ओली भेग, आणि आजूबाजूची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली.

मी डॉक्टर नाही. पण तिच्यासोबत त्वचारोगतज्ज्ञांकडे फेऱ्या मारताना, प्रश्न विचारताना आणि नंतर वाचताना जे समजलं, ते तिला समजावलं होतं त्याच भाषेत इथे लिहिते आहे. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हा त्रास किती घरांत असतो, हे विषय काढल्यावरच कळतं. मी काढला, आणि आमच्या सोसायटीतल्या भिशीच्या बैठकीत सहाजणी बोलत्या झाल्या.

घडीत नेमकं काय होतं?

डॉक्टर याला 'इंटरट्रायगो' म्हणतात. केसपेपरवर तो शब्द दिसला तर दचकू नका. पुढे मी साधं 'घडीतला चट्टा' म्हणेन. जिथे कातडीवर कातडी टेकून राहते, तिथे तो होतो: छातीखाली, काखेत, जांघेत, पोटाच्या वळीखाली. तान्ह्या बाळाच्या मानेच्या वळ्यांत होतो, तोही हाच. बाळाचा दाखवायला आपल्याला काही वाटत नाही.

भरपूर धुणं धुतल्यावर बोटांची टोकं पाहिली आहेत ना? पांढरी, फुगलेली, मऊ. कातडीच्या सगळ्यात वरच्या थराने पाणी पिऊन घेतलेलं असतं. हात पुसले की अर्ध्या तासात तो पूर्ववत होतो. छातीखालच्या घडीत मात्र घाम येतो आणि तिथेच थांबतो, कारण त्याला उडून जायला हवाच लागत नाही. तिथला वरचा थर तासन् तास भिजलेला राहतो. वर चालताना, वाकताना, केर काढताना कातडीवर कातडी घासत असते. कोरड्या कागदावर खोडरबर फिरवलं तर कागद टिकतो. तोच कागद ओला करून खोडरबर फिरवा, चार फेऱ्यांत भोक पडेल.

मूळ कारण एवढंच आहे: ओल, उष्णता आणि घर्षण. जंतू नंतर येतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. पुस्तकांत आणि इंटरनेटवर या चट्ट्यांचे जे फोटो असतात, ते बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या कातडीवर तो लालपणा अनेकदा दिसतच नाही. जांभळट, तपकिरी किंवा नुसताच काळपट पट्टा दिसतो. "लाल कुठे आहे, काळं तर आहे" म्हणून कितीतरी जणी अंगावर काढतात. आणि दुसरं, चट्टा बरा झाल्यावरही काळा डाग कित्येक महिने राहतो. डाग आहे म्हणजे आजार आहे असं नाही. खाज, आग, ओल आणि वास थांबले असतील, तर डागाला वेळ द्यावा. तो घासून जात नाही, उलट घासल्याने गडद होतो.

"मी रोज दोनदा अंघोळ करते, मग मलाच का?"

मावशीचा पहिला प्रश्न हाच होता, आणि त्यामागे दुखावलेपण होतं. सहा वर्षं ती मनात म्हणत होती, की आपण कुठेतरी स्वच्छतेत कमी पडतोय. म्हणून ती घडीत आणखी साबण लावायची, आणखी घासायची. त्याने आणखी सोलवटायचं.

अंघोळीने मळ जातो, पण ओल येते. आता आपल्याकडची अंघोळ कशी असते ते आठवा. एकच बाथरूम, बाहेर कुणीतरी ताटकळलेलं, गॅसवर कुकर. घाईघाईत टॉवेल पाठीवरून, मानेवरून फिरतो. छाती उचलून खालची घडी टिपायची, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. ओलेत्या अंगावरच परकर आणि ब्लाउज चढतो, आणि ती ओल दिवसभरासाठी आत कोंडली जाते. दोनदा अंघोळ म्हणजे दोनदा कोंडलेली ओल.

साबणाचंही ऐका. निरोगी कातडी किंचित आंबट असते; तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी, तितकं जास्त आंबट), साधारण पाचच्या आसपास. बुरशी आणि काही जंतूंना ते मानवत नाही, म्हणून तो आपला एक पहारेकरीच आहे. आपल्या वडीसाबणांचा पीएच बहुधा नऊ-दहाच्या घरात असतो. भरपूर साबण चोळला की पहारा तेवढ्यापुरता उठतो. घडीत सौम्य साबणाचा हलका हात पुरे. जंतुनाशक द्रव पाण्यात ओतून धुणं, वजरीने किंवा खरखरीत घासणीने घासणं, लिंबू चोळणं, हे सगळं सोलवटलेल्या कातडीवर अत्याचार आहे. मी हा शब्द मुद्दाम वापरते आहे, कारण मावशीने लिंबूसुद्धा लावून पाहिलं होतं आणि ती रात्र तिने पंख्याखाली बसून काढली होती.

आणि आता दोरी. आमच्या गॅलरीत कपडे कसे वाळत घातले जातात ते मी त्या श्रावणात पहिल्यांदा नीट पाहिलं. टॉवेल, शर्ट, साड्या बाहेरच्या दोरीवर, उन्हात. ब्रा मात्र आतल्या दोरीवर, आणि त्यावर परकर झाकलेला, कुणाला दिसू नये म्हणून. पावसाळ्यात त्या कधी वाळतच नाहीत. हाताला गार लागतात, किंचित कुबट वास येतो, तरी सकाळी त्याच अंगात जातात. सादळलेला पापड आपण तळायला घेत नाही, पण सादळलेली ब्रा दिवसभर घालतो.

ओल असली की कोण कोण राहायला येतं

भिजून सोलवटलेल्या घडीत जंतूंना आयतं घर मिळतं. पाहुणा कोण आहे यावर औषध ठरतं, म्हणून हा भाग थोडा सावकाश वाचा.

सगळ्यात नेहमीचा पाहुणा म्हणजे 'कॅन्डिडा' नावाची यीस्ट, म्हणजे बुरशीचीच एक जात. ती एरवीही आपल्या तोंडात, आतड्यांत थोडीफार असते आणि गुपचूप असते. घडीत ओल मिळाली की फोफावते. तिची एक खूण आहे: मोठ्या चट्ट्याच्या कडेबाहेर सुटे सुटे, मोहरीएवढे पुरळ किंवा पुळ्या दिसतात, गावाबाहेरच्या वाड्यांसारखे. घडीच्या तळाशी ओली भेग आणि खाजेपेक्षा आग जास्त.

दुसरा म्हणजे आपल्या ओळखीचा नायटा, गजकर्ण. ही वेगळी बुरशी. हिची कड उठलेली, खपलीदार आणि मधला भाग त्यामानाने साफ, अशी कंकणासारखी गोल वाढते. खाज भयंकर. बहुधा आधी जांघेत किंवा कमरेला होऊन मग वर आलेली असते.

तिसरे जीवाणू. त्यांच्यातला एक प्रकार शांत असतो: तपकिरी, किंचित खपलीदार पट्टा, फारशी खाज नाही. डॉक्टर अंधार करून त्यावर एका विशिष्ट दिव्याचा जांभळा उजेड टाकतात, तेव्हा तो पोवळ्यासारखा चमकतो. मला हे जादूसारखं वाटलं होतं. उलट, दुसऱ्या प्रकारच्या जीवाणूंनी पू, दुर्गंधी, ठणका आणि ताप येऊ शकतो.

आणि कधी कधी पाहुणाच नसतो. ब्राच्या इलॅस्टिकची, धातूच्या हुकाची, सुगंधी फवाऱ्याची किंवा कपड्यांत राहिलेल्या साबणपावडरीची अ‍ॅलर्जी असते. किंवा सोरायसिस असतो, जो कोपर-गुडघ्यांवर पांढऱ्या खपल्यांचा दिसतो, पण घडीत शिरला की खपल्या झडून नुसता गुळगुळीत, चकाकणारा, ठळक कडेचा पट्टा उरतो. याला बुरशीचं मलम कितीही लावलं तरी काहीच होणार नाही.

मावशीचं निदान कसं झालं, तेही सांगते, कारण ती या तपासणीला फार घाबरली होती. डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने हलकेच थोडा कोंडा खरवडला, काचपट्टीवर घेतला, त्यावर एका द्रावाचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सुई नाही, रक्त नाही. ही साधी, स्वस्त तपासणी आहे. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. मावशीलाही त्यांनी नळीतून पाहू दिलं. "हे एवढंसं?" ती म्हणाली.

त्या ट्यूबचं काय?

आता त्या गुंडाळलेल्या ट्यूबकडे येऊ. मेडिकलवाल्याकडे जाऊन, आवाज खाली करून "खाज येते, काहीतरी द्या" म्हटलं की जी मिळते, ती बहुधा तीन-चार औषधांची खिचडी असते: बुरशीचं औषध, जीवाणूंचं औषध आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड म्हणजे सूज, लाली आणि खाज दाबणारं औषध.

बरं का वाटतं? तर दोन दिवसांत खाज थांबते म्हणून. पण खाज आणि लाली म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेली झटापट असते. स्टेरॉइड ती झटापट थांबवतं. भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधावं तसं. भुंकणं थांबतं, चोर घरातच असतो, आणि आता त्याला अडवायलाही कुणी नसतं. ट्यूब बंद केली की आठ दिवसांत चट्टा दुप्पट होऊन परत येतो. मग परत तीच ट्यूब. नायट्याची ठळक कडसुद्धा पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही तो ओळखायला कठीण जातो.

घडीत हे आणखी वाईट. कातडी मुळात पातळ, वर झाकलेली आणि ओलसर, त्यामुळे औषध उघड्या हातापायांपेक्षा तिथे जास्त मुरतं. महिनोन् महिने लावलं की कातडी आणखी पातळ होते, त्यावर बाळंतपणानंतर पोटावर राहतात तशा रेघा पडतात. त्या रेघा फिकट होतात, पण पूर्ण जात नाहीत. मावशीच्या आहेत.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मागितली की मिळतात, हे आपण सगळे जाणतो. म्हणून ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचायला शिका. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावं. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही बुरशीच्या औषधांची. 'क्लोबेटासोल' आणि 'क्लोट्रिमॅझोल' ऐकायला जुळ्या बहिणींसारखी आहेत आणि कामं अगदी उलटी. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असतील, तर ती ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नका.

याला आणखी एक मोठी बाजू आहे. गेली काही वर्षं भारतात नायटा पूर्वीसारखा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नाही, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आहेत. यामागच्या बुरशीला २०२० मध्ये वेगळी जात म्हणून नाव मिळालं, 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. त्या नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडले आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेने सगळ्यांना सावध केलं. खिचडी मलमांचा बेसुमार वापर आणि अर्धवट सोडलेले उपचार हे यामागचं एक मोठं कारण तज्ज्ञ मानतात.

स्टेरॉइड वाईटच, असं मात्र नाही. अ‍ॅलर्जी किंवा सोरायसिस असेल तर डॉक्टर स्वतः सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात, आणि तिथे ते योग्य औषध आहे. आणि जिने अनेक महिने ट्यूब लावली आहे, तिने ती बंद केल्यावर सुरुवातीला त्रास उसळतो. तेव्हा घाबरून परत तीच लावण्यापेक्षा डॉक्टरांना आधीच सांगून बंद करावी.

आधी कोरडं, मग औषध

मावशीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाच्या आधी एक ओळ लिहिली होती, आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती: 'कोरडं ठेवणे'. तेव्हा मला ते औपचारिक वाटलं. आता वाटतं, अर्धं औषध तेच होतं.

अंघोळीनंतर बाथरूममध्ये कपडे चढवू नका. टॉवेल गुंडाळून खोलीत या, दार लावा. छाती एका हाताने उचला आणि मऊ, जुन्या सुती कापडाने घडी टिपा. पुसायची नाही, टिपायची, जशी आपण लोणच्याच्या कैरीची फोड टिपतो. मग पंख्याखाली पाच मिनिटं आडवं पडा, हात डोक्यामागे. आडवं पडलं आणि हात वर घेतले की छाती बाजूला सरते आणि घडी आपोआप उघडते. घरात केस वाळवायचं यंत्र असेल तर ते फक्त गार हवेवर, हातभर लांब धरून फिरवा. गरम हवा नको. एकदा कोरडं झालं की डॉक्टरांनी दिलेलं क्रीम पातळ थरात लावा, चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत. जाड थर लावून ओलच वाढते.

दुपारी एकदा हे पुन्हा. नोकरी करणारीला हे कठीण आहे, मला कल्पना आहे. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलमधून उभं राहून ऑफिसला पोचलेल्या बाईचे कपडे दहा वाजताच भिजलेले असतात. पर्समध्ये एक कोरडी ब्रा आणि दोन सुती रुमाल ठेवा. ऑफिसात पोचल्यावर बदलून घ्या. यात घालवलेली तीन मिनिटं कुठल्याही महागड्या मलमापेक्षा जास्त काम करतात.

घडीत कापड ठेवायचं असेल, तर जुन्या धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा एकेरी ठेवा, आणि त्याची कड ब्राच्या खालून दोन बोटं बाहेर राहू द्या. बाहेरच्या कडेने ओल उडते, निरांजनातली वात तेल वर ओढते तसं कापड घाम बाहेर ओढतं. पूर्ण आत कोंबलेला घडीचा रुमाल तासाभरात ओला बोळा होतो आणि मग तोच चट्टा भिजवत बसतो. भिजला की बदलायचा.

औषध किती दिवस? यीस्टच्या चट्ट्याला बहुधा दोन ते चार आठवडे, नायट्याला हल्ली त्याहून बरंच जास्त, कधी पोटात गोळ्याही. खाज चौथ्या दिवशीच थांबते आणि आपण थांबतो, तिथे घोटाळा होतो. वर दिसणारं गवत उपटलं, पण हरळीच्या मुळ्या आतच राहिल्या. दिसायला साफ झाल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लावायचंच.

बरं झाल्यावर, घामाच्या दिवसांत, घासण्याच्या जागी झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा पातळ हात ठेवता येतो. आधी कोरडं करून मगच.

"पावडर लावली तर काय बिघडलं?"

साधी सुगंधी टाल्कम पावडर कोरड्या कातडीवर घसरण देते. घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या घडीत वाळूसारख्या घासतात. वर तिच्यातला सुगंधही झोंबू शकतो. मक्याचं पीठ लावायचा सल्ला फिरत असतो, तोही नको. पीठ शेवटी पीठ आहे, ओल मिळाली की त्याच्याही गुठळ्या होतात. डॉक्टर कधी कधी बुरशीच्या औषधाची पावडर देतात, ती वेगळी, आणि तीही चिमूटभर, कोरड्या जागी. खोबरेल तेल कातडीला एरवी चांगलं, पण ओल्या चट्ट्यावर तेलाचा थर म्हणजे भिजलेल्या भिंतीला वरून ऑइलपेंट.

"मग ब्रा घालायचीच नाही का?"

उलट, नीट बसणारी ब्रा मदत करते, कारण ती छातीला उचलून धरते आणि कातडी कातडीपासून सुटी राहते. अडचण चुकीच्या मापाची असते. वजन खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, खालच्या पट्ट्याने पेलायचं असतं. तो पट्टा बरगड्यांवर सपाट बसावा, आत दोन बोटं जावीत, आणि हात वर केल्यावर तो छातीवर चढू नये. मावशी चाळीस वर्षं एकच माप घालत होती, दोन बाळंतपणं आणि रजोनिवृत्ती होऊन गेली तरी.

फोमचे जाड कप पावसाळ्यात वाळत नाहीत, त्या दिवसांत सुती बऱ्या. रोज धुतलेली घाला, पूर्ण वाळलेलीच घाला, शक्य तर उलटी करून उन्हात. ऊन नसेल तर सुती ब्राच्या आतल्या बाजूने इस्त्री फिरवा. नायटा असेल तर घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे करा आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही त्याच वेळी उपचार हवेत. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. साधा घर्षणाचा चट्टा कुणाला लागत नाही, तेव्हा त्यासाठी नातवंडांना जवळ घ्यायचं सोडू नका. मावशीने सोडलं होतं.

रात्री घरी ब्रा काढून सैल सुती गाउन घाला. छाती मोठी असेल तर तेव्हाही खाली कापडाचा तुकडा ठेवावा.

"शेवटी 'वजन कमी करा' एवढंच सांगणार ना?"

वजन जास्त असेल तर वळ्या वाढतात आणि घामही, हे खरं. ते कमी झालं तर त्रासही कमी होतो. पण भिशीतल्या त्या सहाजणींत दोघी अगदी सडपातळ आहेत. छातीचा आकार, वयाने आणि अंगावर पाजल्याने आलेला ओघळ, शेगडीसमोरचं काम, दमट हवा, हे सगळं त्यात आहे. आज आग होणाऱ्या बाईला सहा महिन्यांनी कमी होणाऱ्या वजनाचा सल्ला देऊन घरी पाठवणं मला पटत नाही. आजची घडी आजच कोरडी करता येते. ज्यांची छाती फार जड आहे, पाठ-मान दुखते आणि चट्टे काही केल्या थांबत नाहीत, त्यांच्यासाठी छाती लहान करण्याची शस्त्रक्रिया असते, आणि ती मागणं म्हणजे चैन किंवा नटवेपणा नव्हे.

अंगावर पाजणाऱ्या आईने मलम डॉक्टरांना विचारूनच निवडावं आणि ते स्तनाग्रापर्यंत जाऊ देऊ नये.

साखर तपासली का?

चट्टा बरा होतो आणि महिन्याभरात परत येतो, असं दोन-तीनदा झालं तर रक्तातली साखर तपासा. साखर वाढलेली असली की यीस्टला बळ मिळतं आणि शरीराची लढण्याची ताकद कमी होते. अशा हट्टी चट्ट्यामुळेच मधुमेह पहिल्यांदा उघडकीला आला, असं अनेकदा घडतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. त्यांतल्या कितीतरी जणांना तो आहे हेच माहीत नसतं. मावशीची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.२ टक्के निघाली, म्हणजे मधुमेहच. चट्ट्याचं औषध चालायला लागलं ते साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यावर.

"कॅन्सर तर नाही ना?"

हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो आणि जवळजवळ कुणीच तो विचारत नाही. दोन्ही बाजूंना, घडीच्या रेषेत, खाजणारा किंवा आग होणारा चट्टा हा बहुतांश वेळा वर सांगितलेल्यांपैकीच काहीतरी असतो. मात्र काही गोष्टी दिसल्या तर वाट पाहायची नाही. स्तनाग्रावर किंवा भोवतालच्या काळ्या वर्तुळावर एकाच बाजूला न बरी होणारी खपली किंवा ओल. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड, खड्डे पडलेली होणं. गाठ लागणं. एक बाजू अचानक लाल, गरम, मोठी होणं. योग्य औषध तीन-चार आठवडे लावूनही तसाच राहिलेला एकाच बाजूचा चट्टा. यांतलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

छातीखाली, काखेत, जांघेत खोल, दुखऱ्या गाठी येऊन फुटत असतील, परत परत, तर तो घडीतला चट्टा नव्हे, वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. आणि ताप, पसरणारी लाली, पू किंवा मधुमेह असताना वाढता ठणका, हे दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञ पुरुष असले तर तपासणीच्या वेळी नर्स किंवा सोबतची बाई खोलीत असावी असं सरळ सांगा. हा तुमचा हक्क आहे आणि चांगले डॉक्टर स्वतःच तशी सोय करतात. सांगायला शब्द सुचत नसतील तर एवढं पुरे: "छातीखालच्या घडीत चट्टा आहे, इतके महिने झाले, ओला राहतो, हे हे लावलंय." जांघेत किंवा काखेतही असेल तर तेही तेव्हाच दाखवा, एक जागा लपवली की तिथून बुरशी परत येते. जायच्या दिवशी सकाळी काही लावू नका, म्हणजे कोंडा खरवडून तपासता येतो.

आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, पार संपलेल्यासुद्धा. मावशीने आमच्याकडची ती गुंडाळलेली ट्यूब टेबलावर ठेवली, मग जरा थांबून कमरेच्या पिशवीतून आणखी दोन काढल्या. डॉक्टरांनी तिन्ही उलगडून सपाट केल्या, चष्मा वर सारून बारीक अक्षरं वाचली आणि केसपेपरवर नावं उतरवून घेतली. तिन्हींत स्टेरॉइड होतं.